कातरलेला कोपरा

"ताई, चष्मा दे गं जरा," माझा भाऊ म्हणाला, आणि काहीतरी बिनसलंय हे मला तिथेच कळलं. कारण चष्मा त्याच्या नाकावरच होता.

मी तसं सांगितलं. त्याने नाकाला हात लावून खात्री करून घेतली आणि पुन्हा समोरच्या शिलाई मशीनच्या पोटात डोकं घातलं. मशीन आडवं पाडलेलं होतं, खालचा पत्रा काढलेला होता आणि त्याच्या हातात चिमटा होता. चाळीस वर्षं मी त्याला याच अवस्थेत पाहत आले आहे. आमची आई म्हणायची, याच्याशी बोलायचं तर आधी याला मशीनमधून बाहेर काढावं लागतं. पण त्या दुपारी मशीनच्या आत गेलेला त्याचा हात थांबला होता. तसा तो थांबलेला मी कधी पाहिला नव्हता.

सगळं शहर त्याला तेलकाका म्हणतं. कोणी कसलीही तक्रार घेऊन येवो, हा मशीन उघडून बघणार, काय करायचं ते गुपचूप करणार आणि परत देताना एवढंच सांगणार, "तेल घाला." ना हिशेबाचं बोलणं, ना कामाची फुशारकी. लोक चेष्टेने म्हणायचे, याच्या बायकोला ताप आला तेव्हाही याने हाच सल्ला दिला असेल. बायको खरंच तापाने गेली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. माझा नवरा त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता, म्हणून मी माझी ट्रंक घेऊन भावाकडे आले ती आलेच.

आम्ही बसलो होतो ते एका बंद पडलेल्या बँकेत. लढाई थांबली, पण बँक काही परत उघडली नाही. तिथे एक योजना आली. ज्यांचं लढाईत होतं नव्हतं ते गेलं, त्यांना धंद्यासाठी थोडं अनुदान, थोडं प्रशिक्षण, आणि मग तुमचं तुम्ही. जिथे पूर्वी पैसे भरायची रांग लागायची तिथे आता चाळीस बायका बाकांवर बसून धंदा कसा करावा हे शिकत होत्या. त्यातली एक मी. शिकवायला एक तरुण मॅडम होत्या. मनाने फार चांगल्या, पण अनुभव म्हणाल तर कोरी पाटी. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकीला विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? माझ्या शेजारी बटणवाली बसायची. लढाईआधी ती बाजारात बटणं विकायची आणि तिचे दोन्ही मुलगे त्याच बाजारात गेले. ती म्हणाली, "बाई, मी संध्याकाळी घरी पोचते का ते आधी बघते." मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं आणि त्यावर मथळा दिला, 'नजीकचं उद्दिष्ट'. आम्ही पोट धरून हसलो. लढाईनंतर मी पहिल्यांदा हसले ती तिथे.

प्रशिक्षण संपलं की प्रत्येकीला एक शिलाई मशीन मिळणार होतं. नवी मशिनं परवडणारी नव्हती, म्हणून योजनेने एका भंगारवाल्याकडून चाळीस जुनी मशिनं एकगठ्ठा घेतली आणि बँकेच्या तिजोरीच्या खोलीत ठेवली. दुरुस्तीचं काम माझ्या भावाला मिळालं. योजनेतून त्याला बँकेच्या दाराशी एक टपरी दिलेली होती, हत्यारांची नवी पेटी होती, सुटे भाग होते. वर एक अट होती की दुरुस्ती करताना नवेच भाग वापरायचे, कागद-पत्रा-दोरा असली जुगाडं चालणार नाहीत. तो 'बरं' म्हणाला होता. बरं म्हणणं त्याला कधी जड गेलं नाही.

हे अनुदान त्याला कसं मिळालं ते आता सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

त्याच्या मुलीला आम्ही चिमटी म्हणायचो. जिथे चिमटा पोचत नाही तिथे तिची बोटं पोचायची. दहाव्या वर्षापासून ती बापाच्या बाजूला बसली आणि बाविसाव्या वर्षी त्याच्याइतकी तयार झाली. म्हणजे हे मी म्हणते. तो म्हणायचा, "अजून घाई करते." जुन्या मशीनचं शटल, म्हणजे खालचा दोरा उचलणारा भाग, झिजतं, सुईपासून केसभर लांब पडतं आणि मग टाका सुटायला लागतो. बाकीचे मिस्त्री नवा भाग टाकायला सांगतात. माझा भाऊ चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाची तिहेरी घडी करून शटलच्या कड्यामागे बसवतो, आणि बसवण्याआधी तिचा एक कोपरा कात्रीने कातरतो, म्हणजे तिथल्या स्क्रूला ती अडत नाही. दुसरे मिस्त्री तशीच घडी कोंबतात आणि स्क्रू तिच्यातूनच आरपार पिळतात. ते याला हसायचे, की अरे, आत कोण बघायला जातंय? तो म्हणायचा, "पुढचा मिस्त्री बघतो." कोपरा कातरायची ही खोड त्याची एकट्याची होती, आणि त्याने ती एकाच माणसाला शिकवली.

ज्या दिवशी कापडगल्ली जळली त्या दिवशी तिथल्या एका शिंप्याचं मशीन अडलं होतं. भावाची पाठ धरली होती, म्हणून चिमटी गेली. जाताना मला म्हणाली, "आत्या, जेवायला थांबू नका, मला उशीर होईल." दुपारी गल्लीचं तोंड दोन्हीकडून बंद झालं आणि मग आग लागली. संध्याकाळी आम्हाला सांगण्यात आलं की आतून कोणी बाहेर आलं नाही. नदीवरचा पूल त्याच आठवड्यात पडला आणि पलीकडचा भाग पलीकडेच राहिला. ना माणूस येत होता, ना निरोप. तिकडे काय आहे हे वर्षभर आम्हा साध्या माणसांना कळलं नाही.

चौथ्या महिन्यात ही योजना आली. घरातलं माणूस गेलेल्यांना प्राधान्य होतं, पण ते गेलं असं जवळच्या नातेवाइकाने लिहून द्यायचं होतं. माझ्या भावाचं दुकान जळलं होतं, हत्यारं गेली होती, आणि आम्ही दोघं एका ओळखीच्या माणसाच्या गोदामात पोती पसरून झोपत होतो. तो त्या कागदावर सही करेना. "प्रेत बघितलं नाही मी," एवढंच म्हणायचा. तीन आठवडे कागद त्याच्या उशाखाली राहिला. शेवटी मी चिडले. म्हटलं, पोरगी गेली रे, ती काय आता परत येणार आहे? जे आहेत त्यांनी काय माती खायची? सही कर.

त्याने सही केली. पेन मी हातात दिलं.

तर त्या दुपारी त्याने चिमट्याने काय काढलं, तर एक चंदेरी घडी. ती त्याने तळहातावर ठेवली आणि माझ्यापुढे धरली.

"ही माझी नाही," तो म्हणाला.

"मग असेल दुसऱ्या कोणाची."

"कोपरा कातरलाय, ताई."

मी म्हटलं, मग चिमटीने पूर्वी कधीतरी बसवलेली असेल, त्यात काय एवढं? शहरातली निम्मी मशिनं तर तुम्हीच दोघांनी उघडलेली. त्याने नखाने घडी उलगडली. आतून कागद निळा होता आणि त्यावर दुधाच्या पावडरीच्या पाकिटावरची गाय होती, अर्धी. ही पाकिटं मदतीच्या ट्रकमधून यायची. आम्ही सगळेच ती खाऊन जगलो. पण लढाईआधी ती आमच्याकडे कोणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. गाईच्या पायाशी पाकीट भरल्याची तारीख छापलेली होती. आधी त्याने ती वाचली, मग मी. कापडगल्ली जळल्यानंतर सहा महिन्यांची तारीख.

आनंद झाला असं म्हणायला हवं, पण खरं सांगते, आधी मला ते पेन आठवलं.

त्याने उरलेली सगळी मशिनं उघडली. दोन दिवस तो तिजोरीच्या खोलीतून बाहेर आला नाही. मी भाकरतुकडा नेऊन ठेवायची आणि तसाच परत आणायची. चाळीसपैकी नऊ मशिनांत घडी निघाली, नऊंचाही कोपरा कातरलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने त्या बँकेच्या काउंटरवर, जिथे पूर्वी कॅशियर बसायचा तिथे, तारखेप्रमाणे ओळीने मांडल्या आणि मला बोलावलं. पहिलीची तारीख आगीनंतरच्या दुसऱ्या महिन्यातली, शेवटचीची दहाव्यातली. म्हणजे मी त्याला 'सही कर' म्हटलं तेव्हा ही पोर कुठेतरी जिवंत होती, मशीन आडवं पाडून, पायाशी स्क्रू मांडून काम करत होती. आणि त्यानंतरही सहा महिने.

"ही बघ," तो पहिल्या घडीवर बोट ठेवून म्हणाला. "घाईत केलीय. ही पण. इथून पुढे सुधारलाय हात. ही पाचवी तर माझ्यापेक्षा बरी आहे." मग तो शेवटच्या दोन घड्यांपाशी आला. "या तिरक्या आहेत. कात्री दोनदा मारलीय."

"म्हणजे?"

"हात चालत नव्हता तिचा."

मी पुढचं विचारलं नाही. पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. घरी जाऊन मी चिमटीसाठी एक अंथरूण तयार केलं. आमच्या दोघांच्या चादरीतली बरी ती धुतली, उन्हात टाकली आणि कोपऱ्यात घडी करून ठेवली. भावाने ती पाहिली आणि रात्रीपुरती अंगावर मागितली नाही. थंडीचे दिवस होते.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी धंद्याच्या वह्या बाजूला सारल्या. कोरी पाटी म्हणून मी त्यांना हसले होते, पण त्या चार दिवसांत त्या बाईने जी धावपळ केली ती सख्ख्या माणसाने केली नसती. भंगारवाल्याला गाठलं. तो म्हणाला, मशिनं नदीपलीकडच्या छावणीतली. तिथे बायकांचा शिवणवर्ग चालायचा. पूल झाला, छावणी उठली, सामान विकलं गेलं. कापडगल्लीतून मागच्या भिंतीवरून काही माणसं नदीकडे पळाली होती आणि पलीकडे गेली होती, हेही तेव्हा कळलं. वर्षभर आम्ही ज्या भिंतीला डोकं टेकून रडलो तिला मागून वाट होती.

छावण्यांची कागदपत्रं शोध-कार्यालयात ठेवलेली होती. मॅडम आम्हाला तिथे घेऊन गेल्या. शाळेच्या वर्गात मांडलेलं कार्यालय होतं, फळ्यावर अजून कोणाच्या तरी अक्षरात बेरजा होत्या. टेबलामागचा कारकून पन्नाशीचा होता, सर्दी झालेला, पण उर्मट नव्हता. त्याने चिमटीचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं आणि एक फाईल काढून बराच वेळ वाचत बसला. मग त्याने मॅडमकडे पाहिलं. आमच्याकडे नाही.

"हिचे तीन अर्ज आलेले आहेत," तो म्हणाला.

"कसले अर्ज?" मॅडमनी विचारलं.

"वडलांना शोधा म्हणून."

त्याने फाईल आमच्याकडे फिरवली. तीन कागद होते. ओळीओळीने भरायचे छापील अर्ज. कोणाचा शोध : वडील. धंदा : शिलाई मशीन दुरुस्ती. ओळखीची खूण, या ओळीपुढे तिने लिहिलं होतं, 'सगळे तेलकाका म्हणतात. कोणालाही विचारा.' तिन्ही अर्जांवर हेच होतं. पहिले दोन तिच्या अक्षरात होते, तिसरा दुसऱ्या कोणाच्या तरी, आणि खाली तिची सही, वेडीवाकडी.

प्रत्येक अर्जावर आडवा शिक्का होता. कारकुनाने तो वाचून दाखवायचं टाळलं, म्हणून मी वाचला. 'अर्जदार स्वतः मृत असल्याची नोंद. अर्ज बाद.'

"अर्जाचा मजकूर आमच्याकडे यायचा रेडिओवरून, आमचं उत्तर गेलं की शिक्का छावणीतच बसायचा," कारकून म्हणाला. "इकडे नोंदवहीत बघायचो. बापाच्या सहीने कागद होता, की मुलगी गेली. त्या काळात मेलेल्यांच्या नावावर धान्य उचलणारे फार झाले होते. आम्हाला वाटलं, त्यातलंच कोणी. तुम्ही सही केली नसती तर..." इथे तो थांबला. त्याचंही चुकलं नव्हतं. माझंही चुकलं नव्हतं, मॅडमचंही नाही, आणि सही करणाऱ्याचं तर नाहीच. एवढ्या सगळ्या न चुकलेल्या माणसांनी मिळून तिला मारलं.

पहिला अर्ज सही झाल्यानंतर नऊ दिवसांनी आला होता.

छावणीत गेलेल्यांची यादी शेवटच्या पानावर होती. अकरावा महिना, छातीत कफ, नाव, वय बावीस, आणि शेऱ्यात लिहिलेलं, 'मशीनवाली'. एवढंच. पुरलं कुठे तर छावणीमागच्या मोकळ्या जागेत, जिथे आता नव्या पुलाचा रस्ता गेला आहे.

मॅडम रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मी भावाकडे बघत होते, की हा आता माझ्याकडे वळेल आणि म्हणेल, ताई, तू म्हणालीस म्हणून. मी त्याची वाट पाहत होते. तो वळला नाही. त्याने चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, पुन्हा घातला आणि कारकुनाला म्हणाला, "तारीख बदलायला हवी."

"कसली?"

"माझ्या कागदावरची. ती त्या दिवशी गेलेली नाही. अकराव्या महिन्यात गेली."

कारकुनाने त्याला समजावलं. चांगल्या शब्दांत समजावलं. म्हणाला, काका, तारीख बदलली तर तुम्ही लिहून दिलेलं खोटं ठरतं. ती आगीत गेली म्हणून तुम्हाला अनुदान आहे. छावणीत आजाराने गेलेले या योजनेत बसत नाहीत. टपरी जाईल, हत्यारं जातील. आता तारीख बदलून ती काय परत येणार आहे?

तेच वाक्य. माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मला तिथे उभं राहवेना.

"नऊ मशिनं केलीत तिने," भाऊ म्हणाला. "त्या दिवशी गेली असं लिहिलं तर ती कोणी केली?"

कारकुनाने फॉर्म काढून दिला. या खेपेला पेन त्याने स्वतः मागून घेतलं.

टपरी आठवडाभरात गेली. मॅडमनी वर दोनदा लिहिलं, आपल्या अधिकारात होतं ते सगळं केलं, पण नियम म्हणजे नियम. त्याने हत्यारं तेल लावून, पुसून, पेटीत ज्या खाचेत जे असतं तसं ठेवून परत केली. ताब्यात घ्यायला आलेला माणूस म्हणाला, इतकी नीट पेटी कोणी परत दिली नाही. फक्त मशिनांचं काम त्याने आधी पुरं केलं. घडीच्या जागी बसवायच्या पितळी चकत्या नव्या कोऱ्या पाकिटात होत्या. एकतीस मशिनं त्याने नियमाप्रमाणे केली. नऊ मशिनांत त्याने त्याच घड्या परत बसवल्या, जिथली तिथे. ज्या दोन तिरक्या होत्या त्या त्याने सरळ केल्या नाहीत. तपासणीला मॅडम आल्या, त्यांनी एक पत्रा उघडून आत पाहिलं, पुन्हा लावला आणि सगळ्या चाळीसांवर सही केली.

वाटप चिठ्ठ्या टाकून झालं. मंडप नाही, भाषण नाही, बँकेच्या त्याच खोलीत. मला आलेल्या मशीनमध्ये पितळी चकती आहे. घडी माझ्या वाट्याला आली नाही, आणि बरंच झालं. ती बघायचं तोंड मला नव्हतं. बटणवालीला आलेलं मशीन शेवटच्या घडीचं. दहाव्या महिन्याची तारीख, कात्री दोनदा मारलेली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मशीनच्या चाकावर हात फिरवत ती म्हणाली, "काका, याला काय काय लागतं ते सांगून ठेवा हो."

"तेल घाला," तो म्हणाला.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. तो घराच्या पायरीवर बसून काम करतो, जुन्या बाजारातून गोळा केलेल्या हत्यारांनी. मी शेजारी शिवत बसते. मॅडमची योजना संपली, त्या दुसऱ्या कुठल्या तरी लढाईकडे गेल्या. जाताना मला त्यांनी ती वही दिली, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता त्याची. माझं पान कोरं आहे. भाऊ मला एका शब्दाने बोलला नाही, आजपर्यंत नाही. बोलला असता तर मी भांडले असते, माझी बाजू मांडली असती, रडले असते. त्याने मला तेवढीही सोय ठेवली नाही. सकाळी माझा चहा झाकून ठेवतो, दुपारी माझ्या सुईत दोरा ओवून देतो, कारण मला आता दिसत नाही. आणि ती धुतलेली चादर अजून कोपऱ्यात आहे. आम्ही दोघंही ती घेत नाही.

कागद तो कागदच, चंदेरी असला तरी. दोन-अडीच वर्षांत घड्या झिजायला लागल्या. बायका एकेक मशीन घेऊन येऊ लागल्या, की काका, टाका सुटतोय. तो मशीन आडवं पाडायचा, जुनी घडी चिमट्याने काढायचा आणि नवी करून बसवायचा. जुनीचं काही उरलेलं नसायचं, हाताला लागली की भुगा. तो पायरीवरून फुंकर मारून टाकायचा. आठ झाल्या. मी मोजत होते, तोही मोजत असणार.

गेल्या महिन्यात बटणवाली आली. नववं मशीन, शेवटच्या घडीचं, डोक्यावरून आणलेलं. खाली ठेवून पदराने घाम पुसला आणि म्हणाली, टाका सुटतोय हो, चार आले की पाचवा गायब, गिऱ्हाईक कपडा तोंडावर फेकतंय. भावाने मशीन पुढ्यात ओढलं. चाक एकदा फिरवलं, सुई खाली-वर झाली, आणि तो कान देऊन बसला. आवाजावरून त्याला कळतं. मलाही कळलं, आता इतकी वर्षं झाली.

त्याने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. खालच्या पत्र्याला लावला. मग तसाच काढून खाली ठेवला.

आयुष्यात त्याने न उघडता मशीन परत दिलेलं नाही. लढाईच्या दिवसांतसुद्धा नाही. त्याने तेलाची बुधली घेतली, वरच्या भोकांत एकेक थेंब सोडला, फडक्याने मशीन पुसलं, आधीच पुसलेलं होतं तिथेही पुसलं, आणि बटणवालीकडे न बघता म्हणाला, "तेल घालत जा."

"तेलाने होईल?"

त्याने बुधलीचं झाकण लावलं. बटणवाली त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिला कोणी काही सांगितलं असेल तर ते मी नव्हे. तिने मशीन उचलून डोक्यावर घेतलं आणि गेली.

परत ती आली नाही. मी परवा तिच्या घरावरून गेले तर शिवत बसली होती. आत न जाता मी थोडा वेळ दारात उभी राहिले. मशीन अजून टाका सोडतंच आहे, बाहेरूनसुद्धा ऐकू येतं. ती शिवण शेवटपर्यंत नेते, कापड फिरवते, आणि त्याच शिवणीवरून पुन्हा एकदा मशीन मारते.